छत्रीमागे एक दिवस

निवृत्त माणसाने दोन गोष्टींना जपून असावे. एक डॉक्टरची सहज केलेली तपासणी, आणि दुसरी मुलाने प्रेमाने काढून दिलेली सहल. दोन्हींत माणूस आत जातो धडधाकट आणि बाहेर येतो तो बसायला जागा शोधत.

माझा मुलगा म्युनिचला असतो. त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं, इटलीत फ्लॉरेन्सला नेलं, दोन दिवस चर्चं आणि पुतळे दाखवले, आणि तिसऱ्या दिवशी त्याला ऑफिसचं काम निघालं म्हणून आम्हाला एका टूरच्या बसमध्ये बसवून दिलं. 'एका दिवसात डोंगरावरची ऐतिहासिक गावं' असं त्या सहलीचं नाव. मी छत्तीस वर्षं म्हसवडला मास्तरकी केली. म्हसवड म्हणजे सातारा जिल्ह्यातला माण तालुका, आणि माण तालुका म्हणजे डोंगर आणि दुष्काळ. डोंगर बघायला पैसे मोजून इटलीत जावं लागेल असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

आमच्या गाइडबाई तिशीच्या, चटपटीत, हातात लाल छत्री. पाऊस नव्हता. छत्री आमच्यासाठी होती: ती वर दिसली की मागे चालायचं, थांबली की थांबायचं. प्रत्येकाच्या कानात एकेक यंत्र अडकवलं होतं, त्यातून बाईंचा आवाज येई. त्यामुळे माणूस हरवला तरी इतिहास ऐकू येत राही. छत्तीस वर्षं मी पोरांना रांगेत चालवलं, त्याची परतफेड नियतीने एका दिवसात करून घेतली. बाईंचं इंग्रजी इटालियन वळणाचं, माझं माणदेशी. त्यामुळे इंग्रजांना कळलं नसतं इतकं आम्हाला एकमेकांचं कळत होतं.

बस सुरू होताच बाई म्हणाल्या, "मी फ्लॉरेन्सची. आज तुम्हाला आमच्या शत्रूंच्या गावी नेते आहे."

शत्रू म्हणजे सिएना. दोन गावांत जेमतेम दीड तासाचं अंतर, पण वैर सातशे वर्षांचं. १२६० साली सप्टेंबरच्या चार तारखेला माँतापेर्ती इथे सिएनाच्या फौजेने फ्लॉरेन्सचा धुव्वा उडवला. का? तर फ्लॉरेन्सच्याच सैन्यात बोक्का देल्यी आबाती नावाचा एक सरदार फितूर होता. ऐन लढाईत त्याने आपल्याच निशाणदाराचा हात तलवारीने तोडला. निशाण पडलं, फौज बावचळली, आणि कापली गेली. पुढे फ्लॉरेन्सचाच महाकवी दान्ते याने आपल्या नरकवर्णनाच्या बत्तिसाव्या सर्गात ह्या बोक्काला गळ्यापर्यंत बर्फात गोठवून ठेवला. दान्ते तिथून जाताना त्याला विचारतो, तू कोण? तो नाव सांगत नाही. दान्ते त्याच्या मानेवरचे केस धरून उपटतो, तरी सांगत नाही. शेवटी शेजारी गोठलेला दुसराच पापी ओरडतो, "काय झालं रे बोक्का?" आणि नाव फुटतं.

हे सगळं बाई अशा रंगवून सांगत होत्या की निशाणदाराचा हात काल संध्याकाळीच तुटला असावा. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. फितूर त्यांच्या गावचा, पराभव त्यांच्या गावचा, आणि सांगणारीही त्यांच्याच गावची. तीही पैसे घेऊन, जपानपासून म्हसवडपर्यंतच्या लोकांना.

"आपल्याकडे असतं तर?" मी हिला म्हणालो.

"आपल्याकडे असतं तर त्याच्या पणतवंडांनी बस अडवली असती," ही म्हणाली आणि पिशवीतून धपाटे काढले. ते तिने म्युनिचहून बांधून आणले होते.

सिएना डोंगराच्या तीन सोंडांवर पसरलेलं आहे. सगळं गाव भाजक्या विटेच्या रंगाचं. मधला चौक शिंपल्यासारखा खोलगट. ह्या चौकात दर वर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला घोड्यांची शर्यत होते, तिला पालिओ म्हणतात. गावात सतरा पेठा, पण चौकात जागा कमी म्हणून एका वेळी दहाच पेठांचे घोडे धावतात. गंमत म्हणजे स्वार वाटेत पडला आणि घोडा एकटाच पुढे आला, तरी घोडा जिंकला असंच धरतात. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या शाळेतही पुष्कळदा असंच होई. मास्तर मागे पडत आणि पोरं पुढे पास होत.

हिचं लक्ष मात्र शर्यतीत नव्हतं. ती मघापासून घरांच्या पायथ्याशी काहीतरी शोधत होती. शेवटी तिने गाइडबाईंना गाठलं आणि मला म्हणाली, "विचारा हिला, एवढ्या उंचावर पाणी कुठून आणत होत्या बायका?"

चाळीस प्रवाशांत हा प्रश्न एकटीलाच पडला, कारण तेवढ्यांत दुष्काळी तालुक्यात नांदलेली एकटीच होती. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, सिएनाच्या पोटात पंचवीस किलोमीटर भुयारं आहेत. मध्ययुगात लोकांनी ती हाताने खोदली आणि लांबून पाणी पाझरत गावात आणलं. दुपारी सान जिमिन्यानोला गेलो तेव्हा त्यांनी छत्री मुद्दाम एका विहिरीपाशी थांबवली. तिथल्या चौकाचं नावच मुळी 'टाक्याचा चौक'. विहीर १२७३ सालची. काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा. हिने त्या खाचांवरून बोट फिरवलं. मायकेलँजेलोचा पुतळा बघताना तिचा चेहरा इतका हलला नव्हता.

सान जिमिन्यानो हे गाव मनोऱ्यांचं. भरभराटीच्या काळात इथे बहात्तर मनोरे होते, आज चौदा उरलेत. मनोरे देवासाठी नव्हेत आणि शत्रूसाठीही नव्हेत. शेजाऱ्यासाठी! त्याचा एवढा, तर माझा त्याहून उंच. गावात आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची ही दोन बडी घराणी, आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदकी. भांडून भांडून गाव पोकळ झालं, १३४८ च्या प्लेगने उरलंसुरलं नेलं, आणि १३५३ मध्ये गावाने आपण होऊन फ्लॉरेन्सपुढे मान तुकवली. मग तिथे पैसाच राहिला नाही. पैसा नाही म्हणून जुनं पाडून नवं कोणी बांधलं नाही, आणि नवं बांधलं नाही म्हणून आज सगळं जग जुनं बघायला येतं. गरिबीचा असा फायदा होतो हे मला ठाऊक नव्हतं. तसं असेल तर माण तालुक्याला अजून फार मोठं भविष्य आहे.

परतीच्या वाटेवर बाई एकेकाशी गप्पा मारत आमच्यापाशी आल्या.

"तुम्ही कुठले?"

"पुण्याजवळचे," मी म्हणालो. पुणं आमच्यापासून दीडएकशे किलोमीटर आहे, पण परदेशात भूगोल थोडा आवळून घ्यावा लागतो.

"म्हसवड!" शेजारून ही कडाडली. दान्तेच्या बर्फातला तो दुसरा पापी मला आठवला.

"जुनं गाव आहे?"

"जुनं आहे."

"मग काय घडलं तिथे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. द्राक्षाचे मळे मागे पळत होते. "विशेष काही नाही," मी म्हणालो.

ही माझ्याकडे बघत राहिली. एकही शब्द बोलली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात अशा प्रसंगी ती पूर्वी फक्त दोनदा गप्प बसली होती.

आता वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. म्हसवडला जे घडलं ते मला पाठ आहे. मी मूळचा गणिताचा मास्तर, पण इतिहासाचे सर बदलून गेले तेव्हा तो विषय माझ्या गळ्यात आला आणि राहिला. छत्तीसपैकी बावीस वर्षं मी पोरांना मराठ्यांचा इतिहास शिकवला. संभाजी महाराजांनंतरच्या काळात संताजी-धनाजींनी औरंगजेबाला कसं सळो की पळो केलं, हे मी सांगू लागलो की मागच्या बाकावरची पोरंही जागी होत. १६८९ मध्ये संताजीने थेट बादशहाच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले. १६९५ मध्ये दोड्डेरीला कासीमखानाला असा कोंडला की त्याने विष घेतलं म्हणतात. पोरं टाळ्या वाजवत. आणि मग पुस्तकात एक ओळ येई: १६९७ मध्ये संताजीचा अंत झाला.

एका वर्षी मधल्या रांगेतलं एक पोरगं उभं राहिलं. "सर, त्याला मारलं कुणी?"

मी घड्याळ बघितलं. "घंटा झाली," म्हणालो, आणि पान उलटलं. घंटेला अजून सात मिनिटं होती.

कारण संताजी घोरपड्याला मारणारा नागोजी माने हा म्हसवडचा. आमचा देशमुख. वर्गात दोन-तीन माने बसलेले असत. मान्यांचं घराणं गावात मानाचं, नाथाच्या रथाला त्यांचा मान. शिवाय एखाद्या पोराला, तुझ्या गावच्या माणसाने मराठ्यांचा सेनापती मारला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी गणितवाला माणूस. उत्तर चुकीचं येत असेल तर गणितच गाळावं, हा मार्ग मला जवळचा वाटला.

डिसेंबरात मुलगा सहकुटुंब म्हसवडला आला. नातू दहा वर्षांचा. ओसरीवर बसून कंटाळला आणि म्हणाला, "आजोबा, इथे बघण्यासारखं काय आहे?"

मी उत्तर देण्याआधीच आतून आवाज आला, "विशेष काही नाही!"

मी उठलो, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून त्याची वडापची जीप दिवसभरासाठी ठरवली. हा विद्यार्थी गणितात कच्चा होता, पण चार पैसे मिळवून आहे. 'एका दिवसात डोंगरावरची ऐतिहासिक गावं' हीच सहल, फक्त माण तालुक्यात. कानातली यंत्रं नव्हती. त्यांची गरजही नव्हती, माझा आवाज वर्गाचा आहे.

पहिला मुक्काम सिद्धनाथाचं देऊळ. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला नाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबरं उधळून सगळं गाव लाल होतं. पालिओपेक्षा गर्दी जास्त आणि घोडा पडायची भीती नाही. दुसरा मुक्काम राजेवाडीचा तलाव, साताऱ्या-सांगलीच्या शिवेवर. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात उपाशी माणसांना काम म्हणून इंग्रजांनी माणगंगेवर ह्या तलावाची माती टाकायला घेतली. नातवाने विचारलं, "म्हणजे पाणी नव्हतं म्हणून त्यांनी तलाव बांधला?" मी म्हणालो, "हो. आणि बांधताना प्यायला काय होतं, हे आजीला विचार." ह्या विषयात ती गाइड.

तिसरा आणि शेवटचा मुक्काम शिखर शिंगणापूर. हे खरोखरीचं डोंगरावरचं गाव. जीप घाट चढली तसा नातू सावरून बसला. वरती शंभूमहादेवाचं देऊळ. हे भोसल्यांचं कुलदैवत, शिवाजी महाराजांच्या आधीपासूनचं. इथेही पाणी हाच प्रश्न. यात्रेकरूंचे हाल बघून महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथे तलाव बांधला, १६०० च्या सुमाराला. आणि देवाच्या अंघोळीचं पाणी? ते दर चैत्रात कावडींतून येतं. मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून, माणसांच्या साखळ्या करून, त्या अवजड कावडी वर चढवतात. भुतोजी तेल्याची कावड त्यात मानाची.

"सिएनाला भुयारं खणली, आपण खांदे दिले," ही म्हणाली. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

आम्ही कडेच्या दगडी कट्ट्यावर बसलो. समोर डोंगरांच्या सोंडा एकामागे एक निळ्या होत गेल्या होत्या. जीपवाला बिडी विझवून जवळ येऊन बसला. आता घंटा मारायला कोणी नव्हतं.

मी छत्री आडवी ठेवली आणि सांगितलं. संताजी शूर, पण शिस्तीला कडक आणि रागाला तिखट. राजाराम महाराज जिंजीला असताना संताजीचं आणि धनाजी जाधवाचं बिनसलं. महाराजांनी धनाजीची बाजू घेतली. १६९६ मध्ये दोन मराठे सेनापती एकमेकांवरच चालून गेले. संताजी जिंकला. धनाजीच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर हाती लागला, त्याला संताजीने हत्तीच्या पायी दिलं. ह्या अमृतरावाची बहीण राधाबाई, आणि राधाबाईचा नवरा म्हसवडचा नागोजी माने. भावाचा सूड घ्या, म्हणून तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. पुढच्याच वर्षी संताजीचे दिवस फिरले. फौज फुटून धनाजीकडे गेली, आणि तो मोजक्या माणसांनिशी ह्या शंभूमहादेवाच्या डोंगरांत आला. १६९७ चा जून महिना. एका ओढ्यावर तो अंघोळ करत असताना नागोजीने त्याला गाठलं. हातात हत्यार नसलेल्या माणसाचं डोकं कापलं.

"मग?" नातू कुजबुजला.

"मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो, की ते डोकं नागोजीने खोगिराच्या पिशवीत बांधलं, आणि वाटेत ती पिशवीच पडली. मागून फिरोजजंगाचे स्वार येत होते, त्यांना ती सापडली. ज्याने ते डोकं औरंगजेबापुढे नेलं त्याला बादशहाने 'खुशखबरखान' असा किताब दिला. दुसरे सांगतात की नागोजीनेच ते बादशहाला पोचवलं आणि आपले जुने अपराध माफ करून घेतले."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नातवाने मला वाटत होतं तोच प्रश्न विचारला. "आजोबा, मग आपण कुणाच्या बाजूचे?"

इतक्या वर्षांत हाच प्रश्न येईल म्हणून मी पान उलटत आलो होतो. मी म्हणालो, "आपण... संताजीच्या. त्याच्यासारखा लढणारा पुन्हा झाला नाही."

"आणि ती?" ही मध्येच बोलली.

"कोण?"

"राधाबाई. तिचा भाऊ हत्तीच्या पायाखाली दिला ना? तुमच्या गोष्टीत ती नुसती लकडा लावते. ती रडली असेल, हे कोणी लिहिलं नाही का?" तिने पदराने गुडघ्यावरची धूळ झटकली. "मी नागोजीला चांगलं म्हणत नाही. अंघोळीला बसलेल्या माणसाला मारणं हे वाईटच. पण बाजू एकच असते असं पोराला शिकवू नका."

मला उत्तर सुचलं नाही. फ्लॉरेन्सच्या त्या बाईंना सुचलं असतं की नाही, कोण जाणे. त्यांच्याकडे दान्ते होता, त्याने ज्याला त्याला आपापल्या नरकात बसवून दिलं होतं. आमच्याकडे नरक वाटून द्यायला कोणी बसलेलं नाही. आमच्याकडे फक्त घंटा होते.

नातू म्हणाला, "मी शाळेत हे सांगणार. सुट्टीत काय पाहिलं ते सांगायचं असतं. सगळे समुद्र सांगतात." मग खिशात हात घालून त्याने एक युरोचं नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. गाइडला शेवटी बक्षीस द्यायचं असतं, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. मी ते घेतलं. मास्तरकीत इतकं रोख कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

उतरताना मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे नातू आजीच्या मांडीवर झोपला होता. घाटाची दोन वळणं गेल्यावर जीपवाला हळूच म्हणाला, "सर, राग येणार न्हाई तर एक बोलू?"

"बोल की."

"घंटा झाली न्हवती तवा."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. मधल्या रांगेतलं ते पोरगं. कानशिलांवर केस पांढरे झालेले.

"तुला ठाऊक होतं?"

"आजीनं सांगितलं हुतं घरी. पर घरचं खरं का खोटं, ते तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं." त्याने गिअर बदलला. "बरं झालं आज सांगितलंत. आता भाड्याचं काय द्यायचं ते द्या."

मी त्याला ठरलेलं भाडं दिलं, आणि वर ते युरोचं नाणंही दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, हे म्हसवडात चालतं का?

"चालवून बघ," मी म्हणालो.